पंचक्रोशीच्या डाव्या हाताला

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आता बायको म्हणते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते मान्य आहे. शाळेत गणित शिकवायचो तेव्हा सबंध तास वर्गात येरझाऱ्या घालायचो. पोरं म्हणायची, मास्तरांकडे बघून मान दुखते. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. पेपर हातात घेतला की उठावंसं वाटतं, उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. अशा माणसाने क्षेत्रसंन्यास घ्यावा, याला काय म्हणाल?

क्षेत्रसंन्यास म्हणजे काय ते काशीबाहेरच्यांना सांगायला हवं. त्यात भगवी वस्त्रं नाहीत, घरदार सोडणं नाही. पंचगंगा घाटाच्या पायरीवर उभं राहून हातात पाणी घ्यायचं आणि संकल्प सोडायचा, की यापुढे मरेपर्यंत काशीक्षेत्राची सीमा ओलांडणार नाही. बस्स. काशीत मेलं की मोक्ष. तेव्हा मरण केव्हाही येवो, आपण हजर असलं पाहिजे, असा सगळा हिशेब. रामघाटावरच्या आमच्या मराठी घरांतले म्हातारे पूर्वी हे पुष्कळ करायचे. पण ते म्हातारे होते आणि त्यांचे गुडघे गेलेले होते. मला नुकती साठी लागलेली आणि गुडघे ठणठणीत.

निमित्त झालं आईचं. आई जन्मभर काशी सोडून कुठे गेली नाही. पुण्याला माझी बहीण असते, ती बोलावून बोलावून थकली, पण आईचं एकच, तिकडे गेले आणि बोलावणं आलं तर काय करू? शेवटी नातवाच्या मुंजीला म्हणून गेली आणि तिथेच, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळचा चहा घेऊन गेली. मला ते फार लागलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी एकदम भरून आलं आणि मी उठलो, तडक आमच्या गल्लीतल्या शास्त्रीबुवांकडे गेलो. ते पाठशाळेत वेद शिकवतात, वडलांच्या वयाचे आहेत. विचार केलास का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. विचार कसला डोंबलाचा! घाट उतरलो, पुण्य आईच्या नावे म्हणत पाणी सोडलं, वर आलो, आणि मग बायकोला सांगितलं.

बायको भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "अर्धा तास एका पाटावर बसून दाखवा आधी," एवढंच म्हणाली. नंतर काही दिवस माझ्या ताटात वाढण्यापुरताच तिचा माझा संबंध होता.

पहिल्या पहिल्यांदा मजा वाटली, खोटं कशाला बोलू? रिटायर मास्तरला कोण कुत्रं विचारतं? आता गल्लीतले लोक वाकून नमस्कार करू लागले. पानवाला, जो वर्षानुवर्षं मला "का मास्टर" म्हणत आला, तो "महाराज" म्हणू लागला. मी मान डोलवायचो आणि पान लावून घ्यायचो. काशी काही लहान नाही, असं मी मनाशी म्हणायचो. बाहेर माझं अडतंच काय?

मग अडलं. आमची एकुलती एक मुलगी नागपूरला असते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला दिवस गेले. आधी एकदा राहिलेलं हातचं गेलं होतं, त्यामुळे या वेळी डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून पलंगावर निजवून ठेवली. बायकोने बॅग भरली. जाताना मला डब्यांत काय कुठे आहे ते दाखवलं, लोणच्याला ओला चमचा लावू नका म्हणाली आणि गेली. स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा गाडी हलल्यावर मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा गाडीबरोबर दोन पावलं पळावंसं वाटलं.

मुलगी मात्र कधी "या" म्हणाली नाही. तिला माहीत होतं. संकल्प सोडला हे तिला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा आधी ती हसली होती, मग आईला फोन द्या म्हणाली होती. आता पलंगावर पडल्या पडल्या ती व्हिडिओ कॉल करायची. एकदा म्हणाली, बाबा, इथलं छत बघून बघून पाठ झालं, तुम्ही पावसात भटकता ना, मला काहीतरी दाखवा. काय दाखवू म्हटलं तर म्हणाली, कुत्र्याच्या छत्र्या.

हा आमच्या घरातला जुना विनोद. जमिनीतून, शेणातून, कुजक्या लाकडातून पावसात जे काही उगवतं त्या सगळ्याला आई कुत्र्याची छत्री म्हणायची. खाण्याचं तर नावच नको, शास्त्रात निषिद्ध. चातुर्मासात तर आई बघूसुद्धा द्यायची नाही. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना मी तिला सायकलच्या दांडीवर बसवून सारनाथकडे नेलं होतं, तिथून तिने एक पांढरीशुभ्र अळंबी फ्रॉकमध्ये लपवून आणली आणि देवघरात बाळकृष्णाच्या डोक्यावर धरली, त्याला पाऊस लागू नये म्हणून. आईने तिला आंघोळ घातली, बाळकृष्णाला आंघोळ घातली आणि मलाही घातली असती. त्याच पोरीने पुढे अळंब्यांवर पीएच.डी. केली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आई म्हणायची, पण पेढे वाटले तिनेच.

तर मी रोज सायकल काढू लागलो. रामघाटावरून सायकल काढणं म्हणजे निम्मी यात्रा. गल्लीत चालवता येत नाही, पायऱ्यांवर खांद्यावर घ्यायची, मध्ये सांड बसलेला असला तर त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. मैदागिनला आलं की टांग मारायची. तिथून विद्यापीठापाशी लंका नावाचा मोहल्ला, पुढे कंदवा, आणि कंदव्याच्या तळ्यापासून पंचक्रोशीचा रस्ता धरायचा, भीमचंडीच्या दिशेने. हा यात्रेचा रस्ता, काशीला प्रदक्षिणा घालणारा. देवळं सगळी उजव्या हाताला, धर्मशाळा डाव्या हाताला. कारण उजवीकडे काशी, तिथे घाण करायची नाही, थुंकायचंदेखील नाही. डावीकडे काशी संपली. रस्ता हीच सीमा.

म्हणजे माझी गंमत बघा. उजवीकडे वाटेल तिथे उतरायला मी मोकळा, डावीकडे पाऊल टाकायची चोरी. चहाची टपरी डावीकडे असली तर मी रस्त्यावरूनच हाक मारायचो आणि चहावाला ग्लास आणून द्यायचा. सायकल पंक्चर झाली तर दुकान उजवीकडचंच शोधायचं. आणि अळंब्या? दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण देवाशप्पथ सांगतो, चांगल्या अळंब्या सगळ्या डावीकडे उगवायच्या. उजवीकडे गायीच्या शेणावरच्या त्या करड्या, बारीक देठाच्या, दुपारपर्यंत विरघळून काळी शाई होणाऱ्या. आंब्याच्या वठलेल्या बुंध्यावर कानासारख्या फुटलेल्या. पेंढ्याच्या ढिगात अंड्यासारख्या टरारून आलेल्या. मी चिखलात गुडघे टेकून फोटो काढायचो आणि पाठवायचो. ती लगेच नाव सांगायची, लॅटिनमधलं. मी ते विसरायचो. मग विचारायची, आणखी काय दिसलं? मग मी सांगायचो, मुंगूस दिसलं, आंब्याच्या खोडाला चिकटलेली घोरपड दिसली, भाताच्या खाचरात चोचीत फट असलेले मोठे बगळे गोगलगायी वेचत होते. कोल्हा दिसला ते तिने खरं मानलं नाही. मी म्हणालो, मग काय कुत्रा होता का? मला राग आला होता. ती हसत होती. हसताना पोटावर हात धरायची.

त्या दिवशीचं सांगतो. भाद्रपद लागला होता. आदल्या रात्री ती फोनवर नेहमीसारखी बोलली नाही. डोकं जड आहे म्हणाली, पाय सुजलेत म्हणाली, बायकोने फोन काढून घेतला आणि झोपू दे तिला म्हणाली. सकाळी मी गॅलरीतल्या कुंडीत उगवलेल्या पिवळ्या अळंबीचा फोटो पाठवला. एकच टिक आली. चहा केला, बघितलं, एकच टिक. आंघोळ केली, संध्येला बसलो, आचमनाची पळी हातात आणि नजर फोनवर. एकच टिक. बायकोला फोन लावला, उचलला नाही. जावयाला लावला, बिझी. पुन्हा बायकोला. माझं हे असं, रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंनी विचारलं, काही हरवलंय का? मी सायकल उचलली.

पाऊस लागलेलाच होता. धो धो नव्हे, पण हटायला तयार नाही असा. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पिशवीतून त्याचा पडदा दिसतो का ते दर थोड्या वेळाने बघत होतो. कंदव्याला तळ्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. तिथे न थांबता पुढे निघालो. इतर दिवशी मी हळू चालवतो, बघत बघत. त्या दिवशी नुसता पेडल मारत होतो. तरी सवयीने डोळ्यांना दिसत होतंच. वारुळाच्या उतारावर रात्रीतून उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या, शंभरेक तरी, आणि त्या खुडायला आलेल्या दोन बायका. इतर दिवशी माझी तिथे तासाची निश्चिंती झाली असती. मी उतरलो, एक फोटो काढला, पाठवला. एकच टिक.

पुढे बागेपाशी रस्त्याच्या मधोमध नीलगायीचा नर उभा. निळसर काळा, ओला, घोड्याएवढा. मी घंटी वाजवली. तो बघत राहिला. पुन्हा वाजवली. त्याने कान हलवले, उजवीकडच्या तुरीत तोंड घातलं, दोन घास खाल्ले, मग माझ्या समोरून सावकाश चालत डावीकडे उतरला आणि तिकडच्या तुरीत तोंड घातलं. मला इतका संताप आला की काय सांगू! त्याच्यावर? त्याने माझं काय घोडं मारलं होतं? पण आला. मी त्याला मराठीत शिव्या दिल्या. त्याने ढुंकून बघितलं नाही.

थोडं पुढे गेलो आणि डाव्या हाताला बांबूचं बेट लागलं. तिथे ती होती. मुलगी लहानपणापासून ज्या एका अळंबीसाठी जीव टाकते, नुसती पुस्तकात बघितलेली, पुढे प्रयोगशाळेत बाटलीत बघितलेली, पण जिवंत उभी कधी न दिसलेली. कुजलेल्या बांबूच्या पानांतून वीतभर दांडा वर आलेला, डोक्यावर हिरवट चिकट टोपी, आणि टोपीखालून जमिनीपर्यंत पांढरी जाळीची झालर सोडलेली. मेलेल्या उंदरासारखा वास, माशा घोंगावत होत्या. ती सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत लोळागोळा होते, हे मुलीनेच मला सांगितलेलं. रस्त्यापासून फार तर चार पावलं असेल.

चार पावलं. मी सायकल उभी केली. रस्त्याच्या कडेला डांबर संपतं तिथे चपलांची टोकं लावून उभा राहिलो आणि फोन हातात धरून वाकलो. फोटोत नुसता बांबू आला. आणखी वाकलो. एका हाताने सायकलचं हॅन्डल धरलं आणि दुसरा हात लांबवला, एक पाय मागे उचलला. शेतात तण काढणारी एक म्हातारी हे सगळं बघत होती. ती ओरडून म्हणाली, "ए बाबा, गिर जइबा!" तिला काय सांगू? बाबा पडतील हे खरं, पण पडले तर डावीकडे पडतील आणि मोक्ष जाईल. शेवटी एक फोटो आला, हललेला, पण झालर दिसत होती. तो पाठवला आणि खाली लिहिलं, बघ कोण भेटलं.

फोन हातातच होता तेवढ्यात वाजला. बायको.

तिचा आवाज अगदी साधा होता, डाळ भिजत घातली आहे असं सांगावं तसा. पहाटे बीपी फार चढलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, दवाखान्यात आणलंय, बाळाला आजच काढणार, महिने भरलेले नाहीत पण थांबता येत नाही, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुम्ही येऊ नका. नुसतं कानावर घातलं." आणि फोन ठेवला.

मला तो टोमणा वाटला. येऊ नका म्हणे! येतोय कोण? मी येऊ शकत नाही हे जगाला माहीत आहे. पावसात उभा राहून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. मग मास्तरकीला आलो आणि नीट विचार करायला लागलो. तिथे डॉक्टर आहेत, जावई आहे, बायको स्वतः आहे. मी जाऊन काय करणार? दवाखान्यात येरझाऱ्या घालणार. त्या इथेही घालता येतात. शिवाय उद्याच्या आत पोचतही नाही, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. हे सगळं बरोबर होतं. मी टांग मारली आणि निघालो, कुठे तर पुढे भीमचंडीकडे, म्हणजे घरापासून आणखी लांब. थोड्याच अंतरावर चेन पडली.

चेन बसवायला उकिडवा बसलो. जन्मभर सायकल चालवली, चेन डोळे मिटून बसवतो. बसेना. एकदा, दोनदा, बोटं काळी झाली, दाते सापडेनात. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी घाबरलोय. मी रस्त्यात बसून घाबरलो होतो. आईच्या वेळेसारखीच ती तिकडे, आणि मी इकडे, माझ्या स्वतःच्या मरणाला वेळेवर हजर राहता यावं म्हणून जागा धरून बसलेला. धडधाकट माणूस. आणि पोरीचा जीव टांगणीला. मला स्वतःचीच शिसारी आली.

सायकल हातात धरून चालत मागे वळलो. पुढे एका दुकानदाराने, तो डावीकडचा होता की उजवीकडचा ते आठवत नाही, चेन बसवून दिली.

रामघाटावर आलो तो तसाच, चिखलाने माखलेला, शास्त्रीबुवांच्या दारात उभा राहिलो. ते विद्यार्थ्यांचा पाठ घेत होते. मला बघून त्यांनी हात वर केला, पोरं गप्प झाली. मी सगळं सांगितलं, नीट क्रम नव्हता, आधी चेनचं सांगितलं, मग बीपीचं. मग विचारलं, की संकल्प मोडला तर काय? प्रायश्चित्त काय? आईचं काय? ते पुण्य तिच्या नावे सोडलं होतं, ते फुकट जातं का? ते काहीतरी मोठं सांगतील, वचन काढतील, मला अडवतील, आणि अडवलं तर मी त्यांच्याशी भांडेन, याची मी तयारी केली होती.

त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी एका विद्यार्थ्याला मोबाईलवर बघायला सांगितलं. मग मला म्हणाले, आधी कपडे बदल, ओल्या अंगाने जाऊ नकोस, आजारी माणसाजवळ जायचंय. प्रायश्चित्ताचं आल्यावर बघू.

रिझर्व्हेशन मिळालं नाही. जनरलच्या डब्यात दारापाशी, शौचालयासमोर, पिशवी खाली घालून बसलो. सीमा कुठून जाते ते मला बरोबर माहीत आहे, कितीतरी वेळा तिथपर्यंत जाऊन परतलोय. गाडीतून ती दिसेल, निदान हात तरी जोडू, असं मनात होतं. पण तेवढ्यात एकाने त्याची ट्रंक माझ्या पायावर ठेवली, माझी त्याची जुंपली, तो मला बाबा आदम म्हणाला, मी त्याची अक्कल काढली, आणि भांडण मिटेपर्यंत सीमा मागे पडून गेली होती. फोनला रेंज नव्हती. मग आली. जावयाचा मेसेज होता, मुलगी झाली, लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, रडते आहे चांगली. आमच्या मुलीबद्दल काहीच नाही. मी विचारलं, ती कशी आहे? उत्तर यायच्या आत रेंज पुन्हा गेली. रात्रभर मी त्या डब्यात उभा होतो, बसत होतो, उभा होतो. लोक वैतागले.

नागपूरला जावई घ्यायला आला होता. मला बघून त्याने वाकून नमस्कार केला आणि तसाच थोडा वेळ वाकलेला राहिला. बाळ ठीक आहे म्हणाला. हिचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहे, पण बीपी उतरत नाहीये, डॉक्टर म्हणतात बघू या. "बघू या" हा शब्द मला आवडत नाही. विद्यार्थी पास होणार का असं पालक विचारायचे तेव्हा मी तोच वापरायचो.

दवाखान्यात बायको खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून ती उठली. मला वाटलं रडेल, किंवा बोलेल काहीतरी. ती माझ्या दोन्ही पायांकडे बघत राहिली, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत. मग दारासमोर आडवी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "थांबा जरा. आधी मी आत जाऊन तिला सांगते."

पण थांबेन तर मी कसला! रात्रभर शौचालयासमोर उभा राहून आलोय आणि आता दारात थांबू? तिला बाजूला करून मी आत शिरलो.

पोरीच्या हाताला सुई, नाकाला नळी, चेहरा सुजून अनोळखी झालेला. डोळे मिटलेले होते. मी जवळ जाऊन हाक मारली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिच्या तोंडावरचा होता नव्हता तो रंग उतरला. तिने माझ्या मागे आईकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. 

"बाबा," ती म्हणाली, "मी जगत नाही का?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. माझे बाबा काशी सोडून आले, म्हणजे माझं काही खरं नाही. मरेपर्यंत सीमा ओलांडणार नाही म्हणणारा माणूस पलंगाशी उभा आहे, म्हणजे डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलंय, शेवटचं बघून जा म्हणून. बायको त्यासाठीच येऊ नका म्हणाली होती आणि त्यासाठीच दारात आडवी आली होती. आणि मी शहाणा!

"नाही गं," मी म्हणालो. "मला करमेना म्हणून आलो."

तिला ते पटलं नाही. परीक्षेत कॉपी केलेल्या पोराकडे मी जसा बघायचो, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मशीनवरचा आकडा वर चढत होता, तो मला दिसत होता आणि बायकोलाही दिसत होता. मी पुन्हा म्हणालो, खरंच करमेना, घरात मी एकटा, लोणचंसुद्धा नासलं. बायको मागून म्हणाली, तुझा बाप एका जागी कधी बसलाय का? पोर तिच्याकडे बघेना.

"माझ्या डोक्यावर हात ठेवा," ती मला म्हणाली. "शपथ घ्या."

संकल्प मोडून एक रात्र झाली होती. माझ्या शब्दाला जगात कुठे काही किंमत उरली असेल असं मला वाटत नव्हतं. बाहेर डॉक्टर अजून बघू याच म्हणत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की तू जगणार आहेस.

बीपी संध्याकाळी उतरलं. पण हात ठेवला तेव्हा मला ते माहीत नव्हतं.